समुद्रावर पहिला नंबर तुमचा!



सहल ठरली, की घरात याद्या सुरू होतात. लाडू-चिवड्याचे डबे, मुलांची औषधं, सासूबाईंची गरम पाण्याची पिशवी, यांचं दाढीचं सामान, ओले कपडे परत आणायला प्लॅस्टिकच्या पिशव्या! यादी करणाऱ्या तुम्ही, बॅगा भरणाऱ्या तुम्ही आणि परत आल्यावर त्या रिकाम्या करून कपडे धुवायला टाकणाऱ्याही तुम्हीच. या लांबलचक यादीत एक गोष्ट मात्र बहुधा राहून जाते. सहलीला गेल्यावर तुम्ही स्वतः काय करणार?

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला कळंगुटच्या किनाऱ्यावर गेलात, की आकाशात तरंगणाऱ्या रंगीबेरंगी छत्र्या दिसतात. बोटीला दोर, दोराला छत्री आणि छत्रीखाली पाय हलवत बसलेली माणसं. हेच ते पॅरासेलिंग. मुलं लगेच हट्ट धरतात. मग काय होतं, ते मी सांगायला नकोच. आधी मुलं जातात, मग धाकटे भाऊजी, मग हे. तुम्ही वाळूत बसून सगळ्यांच्या चपला, पाकिटं, मोबाइल आणि चष्मे राखता. शेवटी कुणाला तरी आठवण होते, "अगं, तुला पण जायचं होतं ना?" तोपर्यंत दुपारचे दोन-अडीच वाजलेले असतात.

घरात शेवटी जेवायला बसलं, तर पोळी गार मिळते, आमटीत डाळ उरत नाही, नुकसान एवढंच. समुद्रावर मात्र शेवटी जाणाऱ्या बाईच्या वाट्याला दिवसातला सगळ्यात वाईट वारा येतो. म्हणूनच पॅरासेलिंगला केव्हा जावं, कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी आणि कोणत्या प्रहरी, याचा आज नीट विचार करू या. "कुठे जावं?" हे सगळेच सांगतात. "केव्हा?" हे मात्र ज्याचं त्यालाच पाहावं लागतं.

आधी महिना ठरवू या

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्रात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्रावरचे असले खेळ बंद ठेवतात. गोव्यातही पावसाळ्यात ते बंद असतात. १ जून ते ३१ जुलै या काळात तर यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सागराला नारळ देतात आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटतात. आपल्याला वाटतं, झालं, दर्या शांत झाला! पण मुरलेला नाखवा होडी बाहेर काढतो, म्हणून तुम्ही-आम्ही दोराला लटकावं असा त्याचा अर्थ नाही. सप्टेंबरात लाटा मोठ्या असतात आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. त्या दिवसांत दुपारनंतर सह्याद्रीकडून काळे ढग चढतात, विजा चमकतात.

खरा काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्या भाषेत सांगायचं, तर दिवाळी आटोपल्यापासून माघ महिन्यापर्यंत. हवा कोरडी, आकाश स्वच्छ आणि सकाळचं पाणी संथ. मार्चपासून ऊन तापू लागतं आणि दुपारचा वारा जोर धरतो. एप्रिल आणि मेचा पहिला पंधरवडा अगदीच वर्ज्य नाही. पण तेव्हा सकाळ ती सकाळच धरायची, दुपारचा विचारही नको. मेच्या उत्तरार्धात समुद्र उसळू लागतो आणि वादळांचीही भीती असते.

आता तुम्ही म्हणाल, "बाई, मुलांच्या परीक्षा संपणार एप्रिलमध्ये, यांना रजा मिळणार मेमध्ये. आम्ही माघात कशा जाणार?" अगदी खरं आहे. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीचा उपयोग करा असं मी सुचवेन. भाऊबीज झाली, की तीन-चार दिवस काढता येतात. तेही नाही जमलं, तर जानेवारीत २६ तारखेला जोडून शनिवार-रविवार येतो का, ते कालनिर्णयात आधीच पाहून ठेवा. आणि मेच महिना वाट्याला आला, तर पहिला आठवडा गाठा आणि सकाळ सोडू नका.

मग दिवस

महिना चांगला निवडला, म्हणजे झालं असं नाही. अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर चक्रीवादळं होतात. २०१९ ची दिवाळी आठवते? ऐन दिवाळीत क्यार वादळ समुद्रात होतं आणि त्याच्या लाटा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर येऊन आदळल्या. वादळ पुढे भलतीकडे गेलं, किनाऱ्याला लागलंच नाही, तरी ही तऱ्हा! ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ कोकणात आलं, ३ जून २०२० ला निसर्ग आलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेलं. तेव्हा निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज रोज ऐकायचा. आपण वाळवणं घालताना ऐकतोच की! समुद्राची स्थिती, लाटांची उंची, वाऱ्याचा वेग यांचे अंदाज हैदराबादची 'इन्कॉइस' ही सरकारी संस्था देते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हे काम सोपवा, ती मोबाइलवर क्षणात काढून देतील.

दुसरी गोष्ट गर्दीची. नाताळ ते १ जानेवारी हे दिवस हवेच्या दृष्टीनं उत्तम, पण माणसांच्या दृष्टीनं वाईट. रांगा लांब, बोटवाले घाईत, एका फेरीत चार माणसं जास्त कोंबण्याचा मोह. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली. एकाचा जीव गेला, वीस जणांना वाचवलं. तेव्हा शक्य असेल, तर हे आठ-दहा दिवस टाळा. शनिवार-रविवारपेक्षा मंगळवार-बुधवार बरा. बोटवाल्याला उसंत असते, तो पट्टे नीट आवळतो आणि तुमच्या प्रश्नांना उत्तरंही देतो.

आता तिथीचं थोडंसं. भरती-ओहोटीनं छत्रीला फरक पडत नाही, पण बोटीपर्यंत जाताना तुम्हाला पडतो. ओहोटी पुरती लागलेली असली, तर बोट लांब उभी राहते आणि ओल्या वाळूतून, गुडघाभर पाण्यातून बरंच चालावं लागतं. सासूबाई किंवा लहान मुलं बरोबर असतील, तर हा त्रास मोठा. कोळी लोकांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमी असेल, तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती. द्वादशीला बारा पाऊणे नऊ. दिवसा आणि रात्री साधारण तीच वेळ. मालवण-गोव्याकडे भरती थोडी आधी येते, एवढं लक्षात ठेवा. यावरून तुमच्या ध्यानात येईल, की चतुर्थी ते षष्ठीच्या सुमाराला सकाळी ओहोटी असते आणि एकादशी ते त्रयोदशीला सकाळी पाणी भरलेलं मिळतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, म्हणून पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. पण एक सांगते, तिथी आणि वारा यांत निवड करायची वेळ आली, तर वारा पाहा. पाण्यातून चालल्यानं पाय भिजतील, एवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रहर

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतं का? तेव्हा गुणांसाठी पाठ केले, आता त्यांचा उपयोग होणार आहे.

गॅसच्या एका शेगडीवर लोखंडी तवा ठेवा आणि दुसरीवर पातेलंभर पाणी. तवा बघता बघता तापतो, पाणी मात्र अर्धा तास कुरकुरत बसतं. गॅस बंद केला, की तवा लवकर निवतो, पाणी कोमट राहतं. जमीन म्हणजे तवा आणि समुद्र म्हणजे पातेलं. सकाळी ऊन चढलं, की जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा धावत येते. हाच खारा वारा. आपल्या किनाऱ्यावर तो साधारण अकराच्या सुमाराला सुरू होतो, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतो आणि संध्याकाळी मंदावतो. रात्री उलट. जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. हिवाळ्यात पहाटेपर्यंत मतलई वारा असतो. तो सरतो आणि खारा वारा सुरू होतो, त्या दोहोंच्या मध्ये समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा असतो. आपली वेळ तीच, सकाळी नऊ ते अकरा.

कुणी म्हणेल, छत्री उडायला वारा हवाच की! इथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. पतंगाला वारा लागतो, पण पॅरासेलिंगची छत्री बोटीच्या वेगावर वर जाते. १९६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत फ्रान्समध्ये पिएर लेमॉन्य यांनी ओढून वर चढवायची ही छत्री तयार केली, तेव्हापासून तिचं तत्त्व हेच आहे. पुढून कुणी तरी ओढायचं, की छत्रीत हवा भरते आणि ती उचलली जाते. हवा अगदी पडलेली असली, तरी बोट जरा वेगात नेली, की काम होतं. वारा जोराचा असला, तर मात्र छत्री शिडासारखी दोर ओढू लागते. आणि ही ओढ वाऱ्याच्या वेगाच्या पटीत वाढत नाही, वर्गाच्या पटीत वाढते. वारा दुप्पट झाला, की ओढ चौपट! मग दोर गुंडाळून तुम्हाला खाली आणणाऱ्या यंत्राला, म्हणजे विंचला, तो ताण भारी पडतो. दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, हेही विसरू नका. अशा वेळी दोर तुटला, तर छत्री माडांच्या, तारांच्या आणि घरांच्या दिशेला जाते.

ही उगाच घातलेली भीती नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर दोर तुटून एक जोडपं समुद्रात पडलं. त्याच महिन्यात आपल्या अलिबागजवळ वरसोलीला दोन स्त्रियांवर तोच प्रसंग आला. सगळी माणसं वाचली, कारण अंगात लाइफ जॅकेट होतं. पाहा, महिना नोव्हेंबरचा, म्हणजे उत्तम. पण दोराला पंचांग कळत नाही.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात अशा अपघातांनंतर २०१४ साली कायदा झाला. वाऱ्याचा सततचा वेग ताशी सुमारे बत्तीस किलोमीटरच्या वर असेल, मधल्या झोतांचा वेग चाळिसाच्या वर जात असेल किंवा अकरा किलोमीटरच्या आत वीज चमकत असेल, तर तिथे छत्री वर न्यायला बंदी आहे. आपण अमेरिकेत राहत नाही, पण वारा सगळीकडे सारखाच. हे आकडे आपणही मनाशी धरायला हरकत नाही.

दुपार गेली, मग संध्याकाळ कशी? साडेचारनंतर वारा उतरू लागतो, हे खरं. मावळतीचं दृश्यही सुंदर असतं. पण आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य थेट डोळ्यांत येतो. तुमच्याही आणि बोट चालवणाऱ्याच्याही. शिवाय दिवस संपत आलेला असतो, उरलेल्या फेऱ्या उरकायच्या असतात, माणसं दमलेली असतात. सकाळ हुकलीच, तर संध्याकाळ दुसऱ्या क्रमांकाची समजा. दुपार कितव्याही क्रमांकाची नाही.

आता लक्षात आलं ना, शेवटचा नंबर का घ्यायचा नाही? कुटुंबात सहा माणसं असली, मध्ये रांग असली, चहा आणि शहाळं झालं, की साडेनऊला सुरू झालेला खेळ एक-दीडवर जातो. पहिल्याला मिळतो संथ समुद्र, शेवटच्याला भर वारा. आणि घरातली शेवटची कोण, हे सांगायला नको.

किनाऱ्यावर उभं राहून काय पाहायचं?

वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आपल्याकडे नसतं, पण डोळे असतात. भाताला वाफ आली की नाही, हे आपण झाकणाच्या आवाजावरून ओळखतोच ना! तसंच हे.

माडांच्या झावळ्या पाहा. नुसत्या सळसळत असतील, तर ठीक. सगळ्या एकाच बाजूला केसांसारख्या उडत असतील, तर थांबा.

धूळ आणि कागद पाहा. वाऱ्याची बोफर्ट नावाची जुनी मोजपट्टी आहे. तिच्याप्रमाणे धूळ आणि कागद उडायला लागले, की वारा ताशी वीस किलोमीटरच्या वर गेला. लहान झाडं डोलायला लागली, की तीसच्या घरात गेला. कोरडी वाळू पोटऱ्यांना टोचू लागली, तर आता पुरे असं समजा.

दूरचं पाणी पाहा. लाटांच्या माथ्यावर कुठे एखादा पांढरा ठिपका असेल, तर चालेल. जिकडेतिकडे पांढरा फेस दिसत असेल, तर त्या दिवशी वाळूत बसून भेळ खावी.

आधी वर गेलेली छत्री पाहा. ती एका जागी डौलात तरंगते आहे की पाळण्यासारखी झोके घेते आहे? खाली उतरवताना बोटवाल्यांची धावपळ होते आहे का? दोन फेऱ्या नुसत्या पाहायच्या आणि मग पैसे काढायचे.

पाठीमागे वळून पूर्वेकडेही पाहा. ढग काळे होत असतील किंवा गडगडाट ऐकू आला, तर विचारायलाही जाऊ नका.

गोव्यात २००८ सालापासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल बावटा लावलेला असेल, तिथे पाण्यात उतरायचं नाही. आज समुद्र कसा आहे, हे त्यांना विचारायला संकोच करू नका. त्यांना फेरीचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे ते खरं सांगतात.

बोटवाल्याला काय विचारायचं?

बाजारात मेथीची जुडी घेताना आपण चार जुड्या उलटसुलट करून पाहतो. इथे तर जिवाचा मामला. परवाना कुठे आहे? बोटीवर चालवणाऱ्याशिवाय छत्रीवर नजर ठेवणारा दुसरा माणूस आहे का? दोर कधी बदलला? जॅकेट बोटीत पाऊल टाकण्याआधी मिळेल का आणि माझ्या मापाचं आहे का? तुम्ही आज दुपारी बंद करता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "वारा वाढला, की आम्ही बंद करतो," असं म्हणणारा बोटवाला जाणता समजावा. "काही होत नाही ताई, बसा तुम्ही," एवढंच म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

पैशांविषयीही एक सांगायचं आहे. सहा खेळांचे पैसे एकदम भरलेले असले, की वारा वाढलेला दिसत असूनही "पैसे वाया जातील" म्हणून माणसं जातात. पैसे दिलेत म्हणून नासलेलं दूध आपण मुलांना पाजतो का? ओतून टाकतोच ना? शक्यतो जागेवर पाहूनच पैसे द्या. आधी भरावे लागले, तर "हवा खराब असेल, तर परत मिळतील का किंवा दुसऱ्या दिवशी नेणार का?" हे विचारून घ्या.

आणि तुमची स्वतःची वेळ

समुद्राची वेळ पाहिली, तशी आपल्या शरीराचीही पाहायला हवी. दिवस गेलेले असतील, तर हा खेळ बाळंतपणानंतर पुढे कधी तरी. पाठीचं, मानेचं किंवा हृदयाचं दुखणं असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, फिट्स येत असतील, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. पाळीचे दिवस असतील, तर बंदी काही नाही, पण अंग भिजण्याची शक्यता असते, म्हणून गैरसोय होते. सहलीची तारीख ठरवतानाच तेवढा हिशेब करावा. या पाच मिनिटांच्या मौजेसाठी मनानंच पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मात्र घेऊ नयेत.

रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरल्या पोटी तर मुळीच नको. तासा-दीड तासापूर्वी बशीभर पोहे किंवा उपमा पुरे. बोट हलते, तिखट रस्सा पोटात असला, की मळमळतं. सुरमईचं जेवण परत आल्यावर, निवांत.

कपडे खोलीवरूनच घालून निघा, म्हणजे किनाऱ्यावर अर्धा तास जात नाही. साडी नको, पदर आणि निऱ्या दोरात अडकतात. सलवार-कमीज असेल, तर ओढणी मागे ठेवा. केस घट्ट बांधा. मंगळसूत्र आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं मनात नसेल, तर कमिजाच्या आत घेऊन पिनेनं पक्कं करा. चष्म्याला मागून दोरी बांधा. मोबाइल खालीच राहू द्या. फोटो काढायची हौस किनाऱ्यावरच्या माणसांनी भागवावी. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, त्यामुळे समुद्राकडे तोंड करून काढलेले फोटो छान येतात.

रात्रीच ठरवून ठेवा

हे सगळं जमायचं, तर सकाळी उठल्यावर ठरवून भागत नाही. कोण आधी आंघोळीला जाणार, यातच नऊ वाजतात. आदल्या रात्री जेवताना सगळ्यांना सांगून टाकायचं. "उद्या साडेआठला निघायचं. पहिल्या फेरीत मी आणि ताई, दुसऱ्या फेरीत तुम्ही आणि बंटी. आई सावलीत खुर्चीवर बसतील आणि आम्ही वर असताना बंटी चपलांपाशी थांबेल." शांतपणे सांगा, रागानं नको आणि विनवणीच्या सुरातही नको. कुणी हसून म्हणेल, "वा, आज तुझा पहिला नंबर?" तर खाऱ्या वाऱ्यांचा धडा समजावून द्या. शेवटचा नंबर कुणाही एकट्याचा ठरलेला नसावा. अकराच्या आत ज्यांचा नंबर लागेल त्यांनी जायचं. ज्यांचा राहील त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं. म्हणून सहलीत समुद्राकाठच्या दोन सकाळी राखून ठेवाव्यात, एकच ठेवू नये. एक सकाळ वाऱ्यानं खाल्ली, तर दुसरी हाताशी असते.

वरचा वेळ फारसा नसतो, चहाला उकळी येते तेवढाच. पण वर गेल्यावर बोटीचा आवाज खाली राहतो. मालवणला असाल, तर सिंधुदुर्गाचा तट पाण्यात बसवलेल्या बांगडीसारखा दिसतो आणि किनाऱ्यावरची आपली माणसं मुंग्यांएवढी. त्यांपैकी कुणाला काय हवं-नको, हे त्या वेळी तुम्हाला कुणीही विचारू शकत नाही. तेवढ्यासाठी तरी एकदा जाऊन या, असं मी म्हणेन.

आणि समजा, साडेआठला किनाऱ्यावर पोचलात आणि झावळ्या एका बाजूला उडताना दिसल्या, तर "आज नको" हे म्हणणाऱ्याही पहिल्या तुम्हीच असा. मुलं रुसतील, हे कुरकुरतील, बोटवाला दर कमी करून देईल. तरी ऐकायचं नाही. समुद्र कुठे जात नाही. भेळ घ्या, पाण्यात पाय सोडून बसा आणि उद्याच्या सकाळची वाट पाहा.

यंदा कोण कोण जाणार, कोणत्या महिन्यात आणि कितव्या नंबरावर, ते मला जरूर कळवा!